तोंड लावून पाणी

आमच्या घरात पाणी प्यायचा एक नियम होता. भांड्याला तोंड लावूनच प्यायचं. पेला उंच धरून, वरून धार सोडत पिणारा माणूस बाबांना अजिबात खपायचा नाही. शाळेत असताना माझी एक मैत्रीण घरी आली होती. सदाशिव पेठेतली, वळण लावलेली पोर. तिनं सवयीनं पेला वर धरला, तर बाबा पेपरातून डोकंही न काढता म्हणाले, "तोंड लाव. गंज चढत नाही." ती बिचारी इतकी कानकोंडी झाली की अर्धं पाणी फ्रॉकवर सांडलं. ती गेल्यावर मी बाबांशी कडाकडा भांडले. पाहुण्यांशी असं बोलतात का, म्हटलं. "या घरात वरून प्यायचं नाही," एवढंच ते म्हणाले. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आईलाही माहीत नव्हतं. बाबांचा तऱ्हेवाईकपणा म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला होता.

बाबा मूळचे विदर्भातले. त्यांच्या घरानं बुद्धाचा धम्म स्वीकारला तेव्हा ते नुकते मॅट्रिक झाले होते. पुढं सरकारी नोकरी लागली, बदली होऊन पुण्यात आले आणि इथलेच झाले. कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि बोलणं असं की फोनवर समोरच्याला वाटावं हे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. खोचक बोलण्यात तर त्यांनी अस्सल पुणेकरांनाही मागं टाकलं होतं. गावाकडच्या आठवणी ते सांगायचेच नाहीत. आम्ही भावंडं मागं लागलो तर "शाळा लांब होती, चालत जायचो" यापुढं गाडी सरकायची नाही.

आई गेली, भाऊ अमेरिकेत गेला, मी हडपसरच्या आयटी पार्कात लागले, आणि बाबा हळूहळू विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग गॅस, मग आई गेलीय हेच. त्याची सवय झाली म्हणणार नाही, पण मी दात-ओठ खाऊन निभावत होते. निभावलं नाही ते पाण्याचं. त्यांनी पाणी पिणंच सोडलं. दिवसभर सांभाळायला येणारी बाई भरलेली बाटली त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवून टीव्हीसमोर बसायची. संध्याकाळी मी यावं तर बाटली तशीच, आणि बाबा तिच्याकडं बघत बसलेले. मी पेला ओठाला लावला की घटाघटा प्यायचे. म्हणजे तहान होती. मग हात का लावत नव्हते? विसरत असतील, असं डॉक्टरही म्हणाले आणि मीही मानलं. एप्रिलच्या उन्हात एक दिवस ते स्वयंपाकघरात पडले. दवाखान्यात सलाईन लावून घरी पाठवताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पुन्हा असं झालं तर किडन्या दगा देतील, म्हणाले. आता पाणी पोटात गेलंच पाहिजे, दिवसभर, कोणाच्या तरी नजरेखाली.

भावानं फोनवर फर्मावलं, "तुला योग्य वाटेल ते कर." अमेरिकेतून एवढं सांगायला काही लागत नाही. मला योग्य वाटेल ते म्हणजे नोकरी सोडणं, नाही तर बाबांना कुठंतरी ठेवणं. नोकरी सोडली तर औषधं कशातून आणायची? मग शोधाशोध सुरू झाली.

माझ्या ऑफिसपासून जवळच एका आतल्या गल्लीत एक बंगला होता. मालकांनी तो भाड्यानं दिलेला, आणि एका निवृत्त नर्सबाईंनी तिथं विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी घर सुरू केलेलं. त्यांना सगळे मॅडम म्हणत, मीही म्हणू लागले. पोरं परदेशात आणि आईवडील इथं, अशी पेठांमधली बरीच मंडळी तिथं होती. पहिल्या भेटीत मॅडमनी चौकशी केली तेव्हा माझी पाठ आपोआप ताठ झाली. कॉलेजात असताना, घर लांब पडतं म्हणून, खोली शोधत पेठांमधून फिरले होते. आडनाव सांगितल्यावर खोली अचानक भाड्यानं गेलेली असायची. हे त्या वेळचं, पण अंगात राहतं. मॅडमनी आडनाव लिहून घेतलं आणि विचारलं, "रात्री उठतात का?" मला बरं वाटलं.

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "पाण्याचं तुम्ही म्हणताय ते गंभीर आहे. आमच्याकडं सलाईनची सोय नाही. तुम्ही त्यांना सकाळी आणा, दिवसभर थांबा. संध्याकाळपर्यंत आमच्या माणसांच्या हातून पाणी प्याले तर ठेवून घेते. नाही तर मी जबाबदारी घेणार नाही. राग मानू नका."

राग कसला मानायचा? खरं तेच बोलत होत्या. पण संध्याकाळी त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला दुसरीकडं जायला जागा नव्हती. बाकी दोन ठिकाणं बघून आले होते. एका ठिकाणी म्हाताऱ्यांना कॉटला बांधत होते. दुसऱ्या ठिकाणचा वास अजून नाकातून जात नव्हता.

त्या सकाळी बाबांना मी इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चढवले, गाडीत बसवलं. वाटेत ते बाहेर बघत होते. काचेच्या इमारती, गळ्यात कार्ड अडकवलेली पोरंपोरी. मधूनच "कचेरी कुठं आली?" असं विचारत होते. मी "आली, आली" म्हणत होते. खोटं बोलताना जीभ जड होत होती.

बंगल्याच्या फाटकाशी उतरल्यावर बाबांनी वर बघितलं. मोठं घर, पोर्च, दारात उभ्या असलेल्या गोऱ्यापान मॅडम, अंगावर कडक सुती साडी. बाबा खाली वाकले. मला वाटलं तोल गेला. तर त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, काखेत मारले आणि तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालायला लागले.

"अहो काका, बूट आतपर्यंत चालतात," मॅडम म्हणाल्या.

बाबांनी मान खाली घातली. मी बूट काढून घ्यायला गेले तर त्यांनी घट्ट धरले. ज्या माणसानं आयुष्यभर बुटांवर धुळीचा कण बसू दिला नाही, तो ते काखेत घेऊन चालला होता. गोंधळलेत, म्हटलं. नवी जागा आहे, होणारच.

आत दिवाणखान्यात खुर्च्या मांडलेल्या होत्या. चार-पाच म्हातारी माणसं बसलेली. खिडकीपाशी एक पेठेतल्या आजी होत्या, अंबाड्यात फूल, हातात जपमाळ, वागणं अगदी घरधनिणीचं. मॅडम म्हणाल्या, आजी इथल्या सगळ्यांना आपल्या घरी आलेले पाहुणेच समजतात. काम करणाऱ्या मावशींनी बाबांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. ते दाराशी, चपलांच्या रॅकशेजारी, जमिनीवर टेकले आणि बूट मांडीवर घेऊन बसून राहिले. आम्ही दोघींनी धरून उठवलं, खुर्चीत बसवलं. पाठ वळते न वळते तोच ते पुन्हा जमिनीवर.

"बसू द्या," मॅडम म्हणाल्या. "पाणी महत्त्वाचं."

मावशींनी पेला पुढं केला. बाबांनी हात मागं घेतले. मी ओठाला लावला, घरी लावायचे तसा, तर त्यांनी तोंड फिरवलं आणि घाबरून मॅडमकडं बघितलं. ताक आणलं, नको. सरबत आणलं, नको. कलिंगडाच्या फोडी बशीतून आणल्या तर बशीकडं असे बघत राहिले जणू ती चोरीची आहे. दुपार चढली. पंखा गरम वारा फेकत होता. बाबांचे ओठ पांढरे पडले, जीभ सारखी ओठांवरून फिरत होती. मॅडमनी त्यांच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"बघितलंत?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी फार वेळ थांबू शकत नाही. चारपर्यंत काही नाही झालं तर त्यांना दवाखान्यात न्या. मग पुढचं पुढं."

पुढचं पुढं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. मी बाबांसमोर उकिडवी बसले. "बाबा, प्या ना. का छळताय? तहान लागलीय ना तुम्हाला?" मी चक्क ओरडले त्यांच्यावर. ते माझ्याकडं बघून हसले, ओळखीचं नसलेल्या माणसाकडं बघून हसतात तसं, नम्रपणे. माझ्या गळ्यात सवयीनं अडकवलेलं ऑफिसचं कार्ड होतं, अंगात पँट-शर्ट. "बाई," ते मला म्हणाले, "मले लय तहान लागली जी."

बाई. आणि ती भाषा. ती मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. आजी, म्हणजे त्यांची आई, बोलायची तशी. "मग घ्या ना," म्हणत मी पेला पुन्हा पुढं केला. त्यांनी पुन्हा हात मागं घेतले.

तेवढ्यात मोबाइल वाजला. आमचा टीम लीड. "सॉरी यार, मला माहितीय तू लीव्हवर आहेस, पण क्लायंट लाइनवर आहे, पाच मिनिटं जॉइन हो ना." त्या दिवसांत नाही म्हणायची आमची हिंमत नसायची. मी पोर्चमध्ये गेले. फोनवर कोणीतरी कसल्याशा रिलीजबद्दल विचारत होतं आणि मी यंत्रासारखी उत्तरं देत होते. इतक्यात आतून मावशींचा हसण्याचा आवाज आला. "मॅडम, या हो लवकर. आजोबा प्यायले." मी फोन तसाच तोडला आणि आत धावले.

बाबा गुडघ्यांवर बसले होते. दोन्ही हातांची ओंजळ हनुवटीखाली धरलेली, मान पुढं झुकवलेली, डोळे जमिनीवर. समोर पेठेतल्या आजी उभ्या. उजव्या हातातला तांब्या त्यांनी बराच उंच धरला होता, आणि डाव्या हातानं पदर आणि निऱ्या गोळा करून स्वतःकडं ओढून घेतल्या होत्या, बाबांच्या अंगाला लागू नयेत म्हणून. वरून धार पडत होती. बाबा ओंजळीतून घटाघटा पीत होते. दोघांनाही काही शिकवावं लागलं नव्हतं. दोघंही सगळं विसरली होती आणि एवढं मात्र त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

मला तेव्हा सगळं एकदम कळलं. काखेतले बूट, दाराजवळची जागा, हात न लावलेली बाटली. आणि "तोंड लाव, गंज चढत नाही." बाबांची पन्नास वर्षं पुसली गेली होती. नोकरी, पुणे, आई, मी, धम्म, सगळं. उरलं होतं ते एक पोरगं, जे पाणवठ्याला हात लावू शकत नव्हतं आणि कोणी वरून ओतेल म्हणून तिथं उभं राहायचं.

"बघा," मावशी खुशीत म्हणाल्या. "आजींनी दिलं तर कसे प्यायले. जोडी जमली म्हणायची."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी आजींच्या हातून तांब्या हिसकावून घेतला. पाणी त्यांच्या साडीवर उडालं. "हात लावू नका त्यांना," मी ओरडले, आणि ओरडतानाच लक्षात आलं की त्या हात लावतच नव्हत्या, तेच तर दुखणं होतं.

आजी जराही चिडल्या नाहीत. "अगं, तहानलेला आहे तो," त्या मला समजुतीनं म्हणाल्या. "लांबून घातलं तर काय बिघडतं? तहानलेल्याला पाजलं की पुण्य लागतं." चेहऱ्यावर खरी माया होती. त्या बाईला शिव्या देता आल्या असत्या तर फार बरं झालं असतं. पण ती बाईही कुठल्या तरी जुन्या दारात उभी होती आणि तिच्या परीनं भलंच करत होती.

मॅडम आल्या. काय झालं विचारलं. मी सांगितलं. सगळ्यांसमोर, आवाज न दाबता. आम्ही कोण, बाबा कोण, ही ओंजळ कसली, या बाईंनी पदर का आवरला. सांगताना माझा आवाज कापत होता आणि त्याचाही मला राग येत होता. मावशींचं हसू मावळलं. त्यांनी डोक्यावरचा पदर उगाच नीट केला. मॅडमची नजर बाबांच्या मांडीवरून खाली पडलेल्या बुटांवर होती.

"मला हे सुचायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "सुचलं नाही. आम्हाला सुचत नाही." मग त्यांचा नर्सचा आवाज परत आला. "आता मला एकच सांगा. ते असेच पितात. दुसऱ्या कशानंही पीत नाहीत, आपण सकाळपासून बघतोय. ओतायचं की नाही?"

मी काय सांगायचं होतं? नाही म्हटलं तर बाबा तहानेनं मरणार होते. हो म्हटलं तर त्यांनी घराच्या उंबऱ्याआत कधी येऊ दिलं नाही ते मी माझ्या तोंडानं, पैसे भरून, रोज करायला सांगणार होते. मी तांब्या घट्ट धरून नुसती उभी राहिले. बाबांची ओंजळ अजून तशीच होती. बोटांच्या फटींतून पाणी शर्टाच्या बाहीत झिरपत होतं, कडक इस्त्रीची बाही लोळागोळा झाली होती. डोळे न उचलता ते मला म्हणाले, "बाई, अजून थोडं टाका जी."

"ओता," मी म्हणाले. आयुष्यात एवढा जड शब्द मी कधी उच्चारला नाही.

तांब्या मी मावशींच्या हातात दिला. आणि मग बाबांच्या शेजारी, रॅकला टेकून, जमिनीवर बसले. गुडघ्याला गुडघा लावून. त्यांच्या ओंजळीखाली मी माझी ओंजळ लावली आणि त्यांचे दोन्ही हात खालून गच्च धरले. म्हटलं, वरून यायचं ते येऊ दे, पण लांबून नाही. "मावशी, तुम्हीपण बसा," मी म्हणाले. "उभं राहून नाही घालायचं." मावशी मुकाट्यानं खाली बसल्या. तांब्या आता बाबांच्या हातांपासून जेमतेम वीतभर उंच होता.

माझा स्पर्श होताच बाबा दचकले. हात सोडवायला लागले. मी सोडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी आजवर कुठल्याच माणसाच्या तोंडावर पाहिली नव्हती. त्यांनी आधी आजींकडं पाहिलं, मग दाराकडं, मग माझ्याकडं. "शिवलं जी तुमाले," ते पुटपुटले. "बाई, तुमाले आंघोय करा लागन."

"करीन संध्याकाळी," मी म्हणाले. "तुम्ही प्या."

मावशींनी धार धरली. बाबा प्यायले. थांबले, श्वास घेतला, पुन्हा प्यायले. पाणी त्यांच्या बोटांतून माझ्या बोटांत आणि मनगटावरून कोपरापर्यंत येत होतं. मी रडत होते, भडभडून, आणि हात मोकळे नसल्यामुळं डोळेही पुसता येत नव्हते. मागून मॅडमचा आवाज आला, "ठेवते मी यांना. आणि पाणी द्यायचं ते असंच, शेजारी बसून, हात धरून. सगळ्यांना सांगून ठेवते." तांब्या रिकामा झाला.

बाबांनी ओल्या हातांनी तोंड पुसलं. जिवात जीव आल्यासारखे दिसत होते. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी वाकले. मला विटाळ झाला हे लपवून त्यांना मला वाचवायचं होतं.

"कोनाले सांगू नोका, बाई," ते म्हणाले. "मी बी नाई सांगत."

आणि खरंच, आयुष्यभर त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.